थायरॉइडच्या गोळीसोबत ‘अ‍ॅड्रीनल’चा डबा घ्यावा का?

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते, वय ४४. घरचे चार माग आहेत. कांड्या भरणं, हिशेब, पै-पाहुणा सगळं माझ्याकडंच. सहा वर्षांपूर्वी थायरॉइड कमी निघालं. तेव्हा टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो, जास्त झालं की उतरतो) १८ होता, अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी पण वाढलेली. तेव्हापासून ७५ ची गोळी चालू आहे आणि टीएसएच दोन-तीनच्या घरात असायचा. पण गेलं वर्षभर अंगात त्राण म्हणून नाही. सकाळी उठवत नाही, दुपारी चारला डोळे मिटतात आणि रात्री अकराला टक्क जागी. सारखं खारट खावंसं वाटतं, सांडगी मिरची तर नुसतीच खाते. जावेचा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, काकू, तुमची अ‍ॅड्रीनल ग्रंथी थकली आहे, तिकडं याला अ‍ॅड्रीनल फटीग म्हणतात. गणपतीला आला तेव्हा कॅप्सूलचे डबे घेऊन आला. रोज दोन घेते. सोबत अश्वगंधा चालू केली, आणि केस गळतात म्हणून केसांची गोळी. आमचं माळकरी घर, तेव्हा नैसर्गिक असलेलं बरं, असं वाटलं. पहिले पंधरा दिवस एकदम हुशारी आली. आता छातीत धडधडतंय, पाय सुजल्यागत होतात, बीपी कधी नव्हतं ते १५०/९६ निघालं. गेल्या महिन्यात टीएसएच ०.२ आला म्हणून डॉक्टरांनी ७५ ची गोळी ५० केली. डब्यांचं त्यांना सांगितलं नाही, ओरडतील म्हणून. आता तर जास्तच गळून गेल्यासारखं होतंय. ह्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी यांत किती तासांचं अंतर ठेवू? का मिरजेला दाखवून येऊ? लेबलांचे फोटो सोबत आहेत.
– एक वाचक भगिनी, वडगाव

ताई, अंतराचं शेवटी बघू. लेबलं वाचल्यावर हे प्रकरण अंतर ठेवून भागणारं दिसत नाही.

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. अमेरिकेच्या डब्यावर बारीक इंग्रजीत जे छापलंय ते मराठीत असं: गायीबैलांच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथीची पावडर, ज्येष्ठमधाचा अर्क, क जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वं. पहिला घटक परत एकदा वाचा. माळकरी घरात हे नकळत पोटात जावं हे मला पटलं नाही, म्हणून औषधपाण्याच्या आधी सांगून टाकलं. मुलाला बोल लावू नका, त्यालाही ठाऊक नसणार. तिकडं असले डबे औषधात धरत नाहीत, खाण्याला पूरक वस्तू म्हणून विकतात. त्यांचा गुण येतो की नाही, हे विक्रीला ठेवण्याआधी कुणाला सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

आता थकलेल्या ग्रंथीबद्दल. अ‍ॅड्रीनल ग्रंथी दोन असतात, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या, प्रत्येकी अर्ध्या तोळ्याहूनही हलक्या. त्यांतून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक निघतं. पहाटेपासून ते चढतं, सकाळी आठच्या सुमाराला भरपूर असतं आणि मध्यरात्री अगदी कमी. सतत ताण घेतला की ग्रंथीचा साठा संपतो आणि ती थकते, ही कल्पना जेम्स विल्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९८ मध्ये मांडली. ते निसर्गोपचार आणि मणक्यांचे उपचार करणारे. ऐकायला पटतं, कारण आपण सगळेच दमलेले असतो. पण शरीरात घडतं ते उलट. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जितका जास्त हुकूम सोडेल तितकी अ‍ॅड्रीनल मोठी होते, जास्त कॉर्टिसॉल करते. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र चाळले आणि असा आजार असल्याला आधार नाही, असं स्वच्छ लिहिलं. हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनाही हे निदान मानत नाहीत.

मग पहिले पंधरा दिवस हुशारी कशी आली? हा प्रश्न तुमच्या घरचे विचारतील, आणि तो रास्त आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच डॉक्टरांनी तिथल्या बाजारातून ‘अ‍ॅड्रीनल’साठी विकली जाणारी १२ उत्पादनं विकत आणून तपासली. बाराच्या बारांमध्ये टी-थ्री हे थायरॉइडचं संप्रेरक सापडलं, आणि सातांमध्ये निदान एक तरी स्टेरॉइड संप्रेरक. लेबलवर कशाचाच पत्ता नाही. तिघांत तर ब्युडेसोनाइड निघालं. दम्याच्या पंपात असतं ना, तेच. ते कुठल्याही गायीच्या ग्रंथीत तयार होत नाही, कारखान्यातच होतं. थोडं स्टेरॉइड पोटात गेलं की कुणालाही चार दिवस तरतरी येते, भूक लागते, सांधे मोकळे वाटतात. तुमच्या डब्यात ते आहेच असं मी फोटो बघून सांगू शकत नाही. पण नाही असंही लेबलवरून कुणी म्हणू शकणार नाही.

तुमच्या पत्रातली खरी गुंतागुंत त्या ०.२ मध्ये आहे. या आकड्यामागे तीन संशयित आहेत.

पहिली तुमची केसांची गोळी. तिच्यात १० मिलिग्रॅम बायोटिन आहे. माणसाला दिवसाला लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे तुम्ही तीनशे पटींहून जास्त घेताय. त्यानं शरीराला फारसा अपाय नाही, पण लॅबमधल्या यंत्राला होतो. कित्येक यंत्रं टीएसएच मोजताना बायोटिनचीच एक कडी वापरतात. रक्तात ते रग्गड असलं की टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं मुख्य संप्रेरक, खोटंच जास्त. रक्तात काही बिघडलेलं नसतं, बिघडतो तो कागदावरचा आकडा. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याबद्दल डॉक्टरांना आणि लॅबना सावध केलं होतं. तरी आपल्याकडं रक्त घेताना ‘केसांची गोळी खाता का’ असं विचारणारा मला क्वचित दिसतो.

दुसरी अश्वगंधा. तिला मी नावं ठेवणार नाही, उलट तिच्यात जोर आहे म्हणूनच काळजी. टीएसएच किंचित वाढलेल्या, गोळी न घेणाऱ्या लोकांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिला, तर टीएसएच उतरला आणि टी-फोर चढलं, असा आपल्याच देशातला २०१८ चा एक छोटा अभ्यास आहे. आता जिच्या पोटात रोज ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन (म्हणजे तेव्हाची तुमची गोळी) आधीच जात होतं तिनं वरून हे घेतलं, तर डोस कुणाच्या हातात राहिला? काही जणांच्या यकृताला अश्वगंधेनं इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

तिसरा संशयित डब्यातलं टी-थ्री. त्या तपासणीत सापडलेलं प्रमाण फार नव्हतं, एका गोळीत ४०० नॅनोग्रॅमच्या आतच. तेवढ्यानं टीएसएच ०.२ वर येईल असं मला वाटत नाही. पण आधीच्या दोघांत त्याची भर पडते.

म्हणजे तुमचा टीएसएच खरोखर घसरला होता, की नुसता तसा दिसला, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. आणि त्या आकड्यावर तुमची गोळी कमी झाली. तुमच्या डॉक्टरांना यात दोष देऊ नका. त्यांच्यापुढं रिपोर्ट होता, डबे नव्हते. माझ्याकडं कुणी आलं की मी आधी पिशवी टेबलावर उलटी करायला लावते. चूर्णाची पुडी, मुलीनं ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या, शेजारणीनं दिलेला काढा, सगळं बाहेर येतं. ओरडायचं असलं तर मी नंतर ओरडते.

पायांची सूज आणि १५०/९६ हे काम बहुधा ज्येष्ठमधाचं. घसा बसल्यावर काडी चघळली तर काही होत नाही, पण अर्क महिनोन्महिने घेतला की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून निघून जातं. बीपी चढतं, आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. तुमची धडधड थायरॉइडची की पोटॅशियमची, हे रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही, म्हणून ते पुढं ढकलू नका.

आता करायचं काय. केसांची गोळी आणि अश्वगंधा आजपासून बंद. त्यांना हळूहळू सोडण्याची गरज नाही. अ‍ॅड्रीनलच्या कॅप्सूल मात्र मनानं एकदम टाकून देऊ नका, आणि तशाच रेटतही राहू नका. दोन-तीन दिवसांत तुमच्याच डॉक्टरांकडं सगळे डबे घेऊन जा. त्यांत स्टेरॉइड असेल तर इतक्या महिन्यांत तुमची स्वतःची ग्रंथी कामाला सुट्टी देऊन बसलेली असू शकते, आणि बाहेरचा पुरवठा अचानक थांबला तर माणूस आडवा होतो. त्यासाठी सकाळी आठचं कॉर्टिसॉल करावं लागेल, त्या दिवशीची कॅप्सूल न घेता. आठचं म्हणजे आठचंच. घरी रक्त न्यायला येणारा मुलगा अकराला उगवला तर त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगा. सोबत सोडियम, पोटॅशियम, ईसीजी, आणि बीपी झोपून व उभं राहून. कॉर्टिसॉल व्यवस्थित आलं तर डबे त्याच दिवशी बंद. कमी आलं तर डॉक्टर मोजून-मापून गोळी देतील आणि ती हळूहळू उतरवतील. मधल्या दिवसांत उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी असं काही झालं तर सरळ दवाखान्याच्या अपघात विभागात जा आणि ‘स्टेरॉइड असू शकेल अशा कॅप्सूल घेत होते’ हे वाक्य आधी सांगा.

टीएसएच आणि फ्री टी-फोर परत करा, केसांची गोळी बंद होऊन किमान दोन, शक्यतो तीन दिवस झाल्यावर. थायरॉक्सिनचा डोस वाढवायचा की आहे तोच ठेवायचा, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. त्याआधी केली तर आकडा अर्धवट मिळतो.

अ‍ॅड्रीनलचा खरा आजार असतो, आणि तो थायरॉइडच्या बाईनं ओळखायलाच हवा. थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ मध्ये तो लिहून ठेवला. त्यात शरीरच आपल्या ग्रंथीवर उलटतं, आणि ज्यांना तसल्याच कारणानं थायरॉइड झालंय (तुमचं अँटी-टीपीओ वाढलेलं, म्हणजे तुम्ही त्यात आलात) त्यांच्यात तो इतरांपेक्षा थोडा जास्त सापडतो. आपल्याकडं क्षयानंही होतो. वजन घटतं, बीपी खाली जातं, उठून उभं राहिलं की गरगरतं, मळमळतं, मीठ खावंसं वाटतं, आणि कातडी काळवंडते. मी अशा पेशंटला खिडकीजवळ नेऊन तळहात उघडायला लावते. उन्हानं रापलेल्या हाताच्या रेषा फिक्याच राहतात, या आजारात रेषाच काळ्या पडतात. हिरड्यांवरही डाग येतात. असं असताना कॉर्टिसॉल न बघता नुसतं थायरॉक्सिन वाढवलं तर पेशंट अत्यवस्थ होऊ शकतो, कारण थायरॉक्सिन असलेलं थोडं कॉर्टिसॉलही लवकर संपवतं. तुमचं बीपी चढलेलं आहे. वजन, काळेपणा यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. सांडगी मिरचीवरून मी तरी हे निदान करणार नाही. सकाळचं कॉर्टिसॉल होईल तेव्हा या शंकेचंही उत्तर मिळेल.

मग थकवा कशाचा? तो खराच आहे, आणि तो शोधण्यात जो वेळ जायला हवा होता तो डब्यांत गेला. चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळी जास्त जाते का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. जात असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन बघा. हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असतो. शाकाहारी आहात, बी-१२ बघा. साखर बघा. घोरता का, हे घरच्यांना विचारा. आणि झोप. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मागवाल्या घरात रात्री अकरापर्यंत माग धडधडतोय, नळाला पाणी यायच्या दिवशी तीनला उठून पिंपं भरायची, पाचला परत चहाचं आधण. दुपारी चारला डोळे मिटतात ते यामुळं नसतील कशावरून? पाण्याच्या दिवशी पोरांपैकी कुणाला तरी उठवा. त्यांच्या ग्रंथी ठणठणीत आहेत.

मिरजेचं म्हणाल तर आपल्याकडं दुखणं अवघड झालं की मिरज, ही जुनी रीत. जायचं तर जा, पण वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या बेळगावात होतात, हार्मोनतज्ज्ञही आता इथं आहेत. आधी बसभाड्याऐवजी लॅबचं बिल भरा.

आणि अंतर. डबे बंदच होणार, त्यामुळं त्यांचा प्रश्न मिटला. लोह किंवा कॅल्शियम सुरू झालं तर थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्या.

---

डॉक्टर, माझे वडील, वय ६८, चिकोडी तालुक्यात शेती. गुडघ्यांसाठी बाजारातून आयुर्वेदिक म्हणून मिळणाऱ्या पुड्या दोन वर्षं घेत होते. चेहरा गोल झाला, हातावर जरा लागलं की काळंनिळं व्हायचं. मी चिडून पुड्या फेकून दिल्या. आठवड्यात उलट्या, अशक्तपणा, सोडियम उतरलं, अ‍ॅडमिट करावं लागलं. अ‍ॅड्रीनल बंद पडली आहे, असं सांगून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिल्या. किती दिवस घ्यायच्या?
– एक वाचक

तुमचं पत्र वडगावच्या ताईंच्या पत्राच्या जोडीला मुद्दाम छापायला सांगितलं. त्या पुड्यांत स्टेरॉइड होतं हे चेहऱ्यावरूनच दिसतंय. पुड्या थांबवणं भागच होतं, नडला तो अचानकपणा. ग्रंथी पुन्हा कामाला लागायला काही महिने लागतात, कुणाला वर्षही लागतं. मध्ये मध्ये सकाळचं कॉर्टिसॉल किंवा इंजेक्शन देऊन करायची चाचणी होईल आणि डोस उतरत जाईल. तोवर हायड्रोकॉर्टिसोन (हे कॉर्टिसॉलच, बाहेरून दिलेलं) एकही दिवस चुकवू नका. ताप आला, दात काढायचा असला, तर डोस तेवढ्यापुरता वाढवावा लागतो. किती, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलट्यांमुळं गोळी पोटात राहत नसेल तर वाट न बघता दवाखाना, कारण तेव्हा इंजेक्शनच लागतं. वडिलांच्या खिशात एक कार्ड ठेवा: ‘मी स्टेरॉइडवर आहे, अचानक बंद करू नये.’ कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत लिहा. वाटेत काही झालं तर गाडी बेळगावला नेईल की कोल्हापूरला, ते आपल्या भागात आधी सांगता येत नाही. गुडघ्यांचा इलाज वेगळा, तो हाडांच्या डॉक्टरांकडं. पुन्हा पुडीकडं वळू नका.

---

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षिका आहे. थायरॉइडची ५० ची गोळी चालू आहे. सकाळी साडेसहाची बस पकडायची म्हणून गोळी आणि चहा एकदमच होतो. शिवाय संकष्टी आणि एकादशी करते. उपासाला गोळी घ्यावी का?
– एक वाचक भगिनी

चहाबरोबर गोळी नीट शोषली जात नाही, दुधाचा असो की कोरा. उठल्या उठल्या, दात घासायच्या आधीच साध्या पाण्यानं घेऊन टाका. आंघोळ, डबा होईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. तेही जमत नसेल तर रात्री झोपताना घ्या, जेवून तीन तास झालेले असले म्हणजे झालं. पण एकच वेळ ठरवा, सोमवारी सकाळी आणि मंगळवारी रात्री असं नको. उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं राहणार, म्हणजे गोळीला ते सोयीचंच. एखाद्या सकाळी विसरलात तर आठवेल तेव्हा रिकाम्या पोटी घ्या. गोळी गिळल्यानं उपास मोडतो की नाही हे मात्र घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, ते माझ्या खात्यात येत नाही.